मासळीची पाटी आणि परिवहन खातं

मी एक वर्ष सात महिने या राज्याचा परिवहन मंत्री होतो. पहिले तीन महिने मला वाटत होतं, खातं नवं आहे, कळायला वेळ लागतोय. पुढचे सहा महिने वाटलं, कळतंय हळूहळू. त्यानंतर जे घडलं, त्यातून मी नेमका कशाचा मंत्री होतो हा प्रश्न जो डोक्यात बसला तो आजही गेलेला नाही. हे मी नम्रपणाने लिहीत नाही. नम्रपणा माझ्या अंगात कमीच आहे, घाटकोपरला कुणालाही विचारा.

मला हवं होतं कामगार खातं. राजकारणात पडण्याआधी अकरा वर्षं मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवत होतो. ओव्हरटाइम कसा बुडवतात, बोट कापल्यावर नुकसानभरपाईला कसं फिरवतात, हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. पण खातेवाटपाची यादी आली आणि माझ्या नावापुढे परिवहन लिहिलेलं होतं. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "बरं झालं. मेट्रोखाली रिक्षांचा जो गोंधळ असतो ना, तेवढा मिटव. मग बाकीचं राज्य बघ."

तो गोंधळ मला मिटवता आला नाही, कारण स्टँड कुठे असावा हे ठरवायला चार कार्यालयं लागतात आणि त्यातलं जेमतेम एक माझं होतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, म्हणून जरा फोड करून सांगतो. लोकल गाड्या दिल्लीच्या. मेट्रो दुसऱ्या खात्याची. शहरातल्या बसगाड्या महापालिकेकडच्या. रस्त्यावरचे खड्डे ज्याचा रस्ता त्याचे, आणि रस्ता कोणाचा हे पावसाळ्यात कुणीच कबूल करत नाही. शिट्टी वाजवणारा वाहतूक पोलीस गृह खात्याचा. मग परिवहन मंत्र्याकडे उरतं काय? गावोगाव जाणाऱ्या लाल गाड्या, गाड्यांच्या नंबरपाट्या, लायसन, आणि रिक्षा-टॅक्सीचे परवाने. तेवढंही कमी नाही, पण दर सोमवारी माझ्या घाटकोपरच्या कार्यालयात जी रांग लागायची, तिच्यातल्या दहापैकी सात माणसांची कामं माझ्या खात्यातली नसायची.

माझे पीए सावंत एरवी शुद्ध बोलायचे, पण घाबरले की थेट मालवणला पोचायचे. एका सोमवारी ते आत येऊन म्हणाले, "साहेबांनू, ह्यो माणूस इमानाची तक्रार घेऊन इलो हा." निवृत्त मास्तर होते ते. विमानं त्यांच्या गच्चीवरून जातात, त्यांना दुपारची झोप लागत नाही. मी म्हटलं, "मास्तर, विमानं माझ्याकडे नाहीत." ते म्हणाले, "का? विमान म्हणजे परिवहन नव्हे?" शेवटी मी अर्ज घेतला, शेरा मारला आणि पुढे पाठवला. मंत्री झाल्यावर माणूस ही एक गोष्ट फार लवकर शिकतो. अर्ज घेतला की समोरचा खूश होऊन जातो, आणि आपल्यालाही काम केल्यासारखं वाटतं.

असाच एका सोमवारी कोळणींचा घोळका आला. अंधेरीच्या पलीकडे समुद्राला लागून जे जुने कोळीवाडे आहेत, तिथल्या बाया. पुढे हिराबाई. साठीच्या पुढची, आवाज असा की रांगेतली माणसं आपोआप बाजूला झाली. तिने मला पहिल्या वाक्यापासून अरेतुरे केलं आणि मला ते आवडलं. मंत्री झाल्यापासून घराबाहेर मला कुणी तू म्हटलं नव्हतं.

"साहेब, ऐक, रिक्षावाला आमाला घेत नाय," ती म्हणाली. "पाटी बघितली का नाक मुरडून पुढं जातो. आमी काय चालत जाऊ साकीनाक्याला? बरफाचं पानी होतं, मासळीची वाट लागते."

मी विचारलं, "कुणीच घेत नाही?"

"माझा एक हाय, वामन. चौदा वरसं नेतो मना. देवमाणूस. पण माझं सोड. या बायांनी काय करायचं?"

वामन हिवाळे हा साकीनाक्याच्या मागच्या वस्तीतला रिक्षावाला. मूळचा जालन्याकडचा. मी चौकशी केली तेव्हा त्याची पद्धत कळली. सकाळी कोळीवाड्याच्या नाक्यावर जायचं, मागच्या सीटची गादी काढून घरी ठेवलेली असायची, खाली ताडपत्री, तिच्यावर गोणपाट, त्यावर हिराबाईच्या दोन पाट्या. हिराबाई कडेला अंग चोरून बसायची. साकीनाक्याला तिच्या कोपऱ्यावर पाट्या उतरवल्या की तो घरी जाऊन गाडी फिनेलने धुवायचा, गादी बसवायचा आणि मग पवईच्या ऑफिसवाल्यांची भाडी मारायला निघायचा. दोघांमध्ये कागद नव्हता, करार नव्हता. ज्या दिवशी बांगडा चांगला असेल त्या दिवशी वामनच्या घरी बांगडा.

मी हुरळून गेलो. नऊ महिने दुसऱ्यांच्या खात्यांचे अर्ज पुढे ढकलल्यावर हे एक काम असं होतं की ज्यात रिक्षा होती, आणि रिक्षा माझी होती. मी ठरवलं, वामनचा सत्कार करायचा. बाकीचे रिक्षावाले बघतील, शरमतील, पाट्या घेतील. खात्याच्या उपसचिव मॅडम फार हुशार बाई. त्या म्हणाल्या, "सर, कार्यक्रमाआधी एकदा नियम बघून घेऊ या का?"

मी म्हणालो, "मॅडम, माणुसकीला नियम लागत नाहीत."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते भाषणातही घेतलं. दुसऱ्या दिवशी ते छापूनही आलं. मॅडम त्यावर काही बोलल्या नाहीत, फक्त चष्मा पुसला. मला तेव्हाच समजायला हवं होतं. वर्कशॉपमध्ये जुना फोरमन असा गप्प झाला की आम्ही मशीन बंद करून आधी मशीनवर लावलेला जॉब तपासायचो.

कार्यक्रम झकास झाला. साकीनाक्यालाच मांडव घातला. शाल, श्रीफळ, बायांनी ओवाळलं. फोटोवाल्यांनी सांगितलं, रिक्षासोबत घ्या. मग वामनची रिक्षा आणली, खऱ्या पाट्या खऱ्या मासळीसकट मागे ठेवल्या, नंबरपाटी दिसेल अशी गाडी उभी केली. एका बाजूला वामन शाल पांघरून, दुसऱ्या बाजूला हिराबाई, आणि मधे मी, पाटीवर हात ठेवून. वामनला हे काही सोसत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "साहेब, फोटोत गाडीचा नंबर कशाला?" मी म्हटलं, "अरे, लोकांना कळू दे ना, कुठली रिक्षा ते!"

लोकांना कळलं.

तीन आठवड्यांनी सोमवारी वामन माझ्या कार्यालयात आला. मी त्याला ओळखत असूनही त्याने रांगेतला नंबर घेतला होता आणि दीड तास बसला होता. आत आल्यावर "जयभीम, साहेब" म्हणाला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला. कारणे दाखवा नोटीस होती. प्रवासी वाहनातून मालवाहतूक केल्याबद्दल परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा करावा. सुनावणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. सोबत पुरावा म्हणून एक फोटो जोडला होता. फोटोत नंबर स्वच्छ दिसत होता. पाटीवरचा हात माझा होता.

मी कागद तीनदा वाचला. "अरे, हे कोणी केलं?"

"तुमच्याच खात्यानं, साहेब," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "पंधरा दिवस झाले, गाडी उभी आहे. मी खुलासा काय लिहू? मंत्री म्हणाले माणुसकी, असं लिहू का?"

पवईच्या एका नागरिकाने ऑनलाइन तक्रार केली होती. मला आधी त्या माणसाचा फार संताप आला. मग मी तक्रार मागवून वाचली. त्याने लिहिलं होतं की माझी मुलगी रोज रिक्षाने शाळेत जाते, कालच्या मासळीचं पाणी तिच्या दप्तराला लागलं. मंत्रीच अशा रिक्षाला शाल घालत असतील तर आम्ही दाद कुणाकडे मागायची? आता यात खोटं काय होतं? ती रिक्षा वामनची नव्हती, गपचूप मासळी नेणाऱ्या दुसऱ्या कुणाची असेल, वामन गाडी धुतो, पण त्या माणसाला ते कुठून कळणार. कोळणी बरोबर. तो बाप बरोबर. नोटीस काढणारा अधिकारी बरोबर, कारण तक्रार आली की त्याला मुदतीत निपटावी लागते. सगळेच बरोबर असतील तर वामनची रिक्षा दारात का उभी, हे मला काही उलगडेना.

मी उपसचिव मॅडमना बोलावलं. "आरटीओला फोन लावा. नोटीस मागे घ्यायला सांगा."

"सर, तसं करता येणार नाही. हे अर्धन्यायिक प्रकरण आहे. अधिकारी तिथे न्यायाधीशासारखा बसतो. आपण बोललात तर तो हस्तक्षेप होईल."

"मी मंत्री आहे ना?"

"म्हणूनच, सर."

मी विचारलं, मग मी काय करू शकतो? मॅडमनी सांगितलं की मी सबंध राज्याचा नियम बदलण्याचा प्रस्ताव मांडू शकतो. त्याचा मसुदा होईल, तो विधी विभागाकडे जाईल, लोकांच्या हरकती मागवल्या जातील, मग बघू. सगळ्या राज्यातल्या रिक्षांसाठी मी खटपट करू शकत होतो, पण एका वामनला त्याची गाडी परत देऊ शकत नव्हतो. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला हे समजावून सांगायला लागलो आणि अर्ध्यात माझाच गोंधळ झाला. ती म्हणाली, "म्हणजे तू त्याची वाट लावू शकतोस, पण सोडवू शकत नाहीस. असंच ना?" मी जेवायला बसलो आणि विषय बदलला.

मसुदा मी करायला लावला होता, हे इथे सांगून ठेवतो. कोळणींच्या पाट्यांसाठी सकाळच्या ठरावीक वेळेत सूट, अशी त्यात तरतूद होती. हरकती येईपर्यंत माझं खातं गेलं. नव्या मंत्र्यांनी तो वाचला की नाही मला माहीत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही वाचला नसता.

सुनावणीच्या दिवशी मी ठरवलं की आपण स्वतः जायचं. मंत्री म्हणून नाही, साक्षीदार म्हणून. चूक माझी, तर तोंडाने सांगायला काय हरकत आहे? सावंत हादरलेच. "साहेबांनू, मंत्री खंय साक्ष देऊक जाता?" मी म्हटलं, हा मंत्री जातो. खरं सांगायचं तर मला आपल्या धाडसाचं थोडं कौतुकही वाटत होतं.

आरटीओच्या कार्यालयात पाऊल टाकलं आणि सगळं बिघडलं. खिडक्यांवरची माणसं उभी राहिली, रांगा मोडल्या, कुणीतरी पंखा माझ्याकडे वळवला. सुनावणी घेणारी अधिकारी तरुण मुलगी होती, फार तर तिशीची. तिने उठून स्वतःची खुर्ची मला देऊ केली. मी समोरच्या खुर्चीत बसलो. वामन भिंतीला टेकून उभा. मी त्याला बस म्हटलं, तो बसला नाही. चहा आला. मी पाच मिनिटं बोललो, सत्कार माझा, फोटो माझा, या माणसाचा दोष नाही. तिने पेन हातात धरलं होतं पण एक अक्षर लिहिलं नाही.

"सर, आपण म्हणाल तसं," ती म्हणाली.

"मी म्हणेन तसं नको. नियमाप्रमाणे करा."

"हो सर. आपण म्हणाल तसं, नियमाप्रमाणे करते."

ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. तेवढ्यात भिंतीकडून वामनचा आवाज आला. "साहेब, राग मानू नका. तुम्ही जरा बाहेर थांबता का? तुमच्यासमोर मॅडमना मला धरता येईना आणि सोडताही येईना."

आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी बाहेर काढलं आहे, वर्कशॉपच्या मालकापासून पोलिसांपर्यंत. पण इतकं बरोबर कुणी काढलं नव्हतं. मी उठलो आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. सावंतांना मी लांब उभं राहायला सांगितलं.

बाकावर हिराबाई बसली होती. त्या दिवशी तिने धंदा बंद ठेवला होता. गाडी उभी राहिल्यापासून ती कधी मुलाच्या स्कूटरवर एकच पाटी घेऊन येत होती, कधी येतच नव्हती. मला वाटलं ती मला शिव्या घालेल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी तुझ्यासमोर त्याचं नाव घ्यायला नको होतं. चांगल्या माणसाचं नाव सरकारात घेऊ नये."

शेजारी लायसन नव्याने करून घ्यायला आलेले एक आजोबा होते. त्यांनी मला ओळखलं नाही. हातातला फॉर्म सरळ करत त्यांनी सहज विचारलं, "तुमचं काय काम आहे इथे?" मी म्हणालो, "रिक्षाचं." ते म्हणाले, "मग चुकीच्या खिडकीला बसलात. रिक्षाचं खाली आहे."

अर्ध्या तासाने वामन बाहेर आला. चेहरा मोकळा होता. परवाना वाचला होता. त्या मुलीने पहिलीच वेळ म्हणून ताकीद दिली आणि गाडी दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर आणायला परवानगी दिली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला खरंच वाटलं, संपलं एकदाचं.

हिराबाई उठली. पदर खोचत म्हणाली, "चल. मग उद्या येतंस ना रं नाक्यावर?"

वामनने तिच्याकडे पाहिलं नाही. हातातला कागद त्याने दोनदा घडी केला. "मावशी, हमीपत्र लिहून दिलंय मी. यापुढे मासळी नेणार नाही म्हणून. सही केली. आता परत सापडलो तर परवाना जातोच."

"पन आतापावेतो नेत होतास ना?"

"तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, मावशी."

चौदा वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं की ती माल नेते. मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, तो मला चढलेला चालला असता. "साहेब, मी उद्या कशानं जाऊ, तेवढं सांग. गाड्यांचा मंत्री तूच हायस ना?"

माझी सरकारी गाडी दाराशी उभी होती. चालकाने दार उघडून धरलं होतं. मी म्हणालो, "चला मावशी, मी सोडतो तुम्हाला घरी."

"आज सोडशील रं," ती म्हणाली. "मी उद्याचं विचारतंय."

दोघं फाटकातून बाहेर पडले. वामन रिक्षा आणूच शकत नव्हता, म्हणून तो तिच्यासोबत चालत बसच्या थांब्याकडे गेला. चालक दार धरून तसाच उभा होता. सावंतांनी हळूच विचारलं, "साहेब, कुठे जायचं?" मी गाडीत बसलो आणि त्यांना म्हणालो, तुम्हीच सांगा.